शार्पी चालू कार्यक्रमात मध्येच रीसेट मारते: बोर्ड बदलण्याआधी ती कधी रीसेट मारते ते बघा

वरमाला सुरू आहे, ट्रसवरच्या, म्हणजे दिवे टांगायच्या सांगाड्यावरच्या, आठही शार्पी (फिरत्या डोक्याचे बीम दिवे) व्यवस्थित चालल्या आहेत, आणि त्यातली एक अचानक जागा सोडते, गरागरा फिरते आणि नुकतीच चालू केल्यासारखी पहिल्यापासून होम, म्हणजे मोटरींची सुरुवातीची जागा, शोधायला लागते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला आणून टेबलावर लावली तर तासभर काहीच होत नाही. मग कुणीतरी मदरबोर्ड बदलून देतं, चांगले पैसे जातात, आणि पुढच्या लॉनवर तीच शार्पी तोच प्रकार करते. नाशिकमध्ये तुळशीचं लग्न होऊन सीझन उघडला की माझ्याकडे सगळ्यात जास्त हीच तक्रार येते.

शार्पी म्हणजे इथे मी आपल्या बाजारात चालणारे 5आर आणि 7आर दिव्याचे सगळे चिनी बीम धरतोय. क्ले पाकीची मूळ शार्पी 2010 मध्ये आली, 189 वॅटच्या दिव्यावर. नंतर आलेले 200 आणि 230 वॅटचे बीम आतून एकमेकांची भावंडंच आहेत: खाली बेसमध्ये एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग), मधे दोन आर्म, वर हेडमध्ये दिवा, कलर-गोबोच्या (रंग आणि नक्षीच्या) चकत्या आणि मोटर चालवणारा बोर्ड. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही मॉडेलला लागू पडेल.

परत परत येणारा हा दोष मदरबोर्डाचा फार क्वचित असतो. बोर्ड गेला तर तो बहुतेक गेलेलाच राहतो, टेबलावरही चालत नाही. कधी चालतं, कधी बिघडतं, असं असलं की दोष पुरवठ्यात, वायरिंगमध्ये किंवा सेटिंगमध्ये शोधायचा. आणि तो शोधायचा तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी लॉनवरच चार गोष्टी टिपून ठेवायच्या: थंड असताना होतं की तापल्यावर, हेड ठराविक बाजूला झुकल्यावर होतं का, एकटीच करते की दोन-तीन मिळून करतात, आणि त्या क्षणी डिस्प्ले आणि दिव्याचं काय झालं. ज्या पोराला ट्रसखाली उभं केलंय त्याला एवढं बघायला सांगा. मोबाइलवर व्हिडिओ काढला तर आणखी बरं. एवढी माहिती हाती असेल तर अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

आधी डिस्प्ले बघा

रीसेट दोन प्रकारचा असतो आणि दोन्ही लांबून सारखेच दिसतात. एकात डिस्प्ले क्षणभर विझतो आणि कंपनीचं नाव किंवा व्हर्जन दाखवून पुन्हा सुरू होतो. म्हणजे बोर्डाला वीजच मिळाली नाही. दुसऱ्यात डिस्प्ले तसाच चालू, अ‍ॅड्रेस दिसतोय, पण मोटरी होम घ्यायला लागल्या. तिथे वीज ठीक आहे. बोर्डाला रीसेटची आज्ञा तरी मिळाली आहे किंवा पॅन-टिल्ट (हेडचं आडवं-उभं फिरणं) कुठे आहे ते त्याला कळेनासं झालंय.

दिव्यावरूनही अंदाज येतो. डिस्प्ले गेला पण दिवा जळत राहिला, तर मेन लाइनवरचा संशय काढून टाका. लाइन पडली असती तर दिवा आधी गेला असता. दिवा पण गेला तर मात्र दोन्ही शक्यता राहतात, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये बोर्ड रीबूट झाला की बॅलास्टला, म्हणजे दिव्याला वीज देणाऱ्या भागाला, जाणारा चालू राहण्याचा सिग्नलही तुटतो. विझलेला गरम दिवा लगेच पेटत नाही, आतला दाब उतरेपर्यंत काही मिनिटं थांबावंच लागतं. त्या वेळात कंट्रोलरवरून लॅम्प ऑनची बटणं दाबत राहू नका, दिवा पेटवणाऱ्या इग्निटरचं आयुष्य कमी होतं.

डिस्प्ले चालू, तरी रीसेट

इथे पहिली शंका मोडवर घ्या, त्याला पैसे लागत नाहीत. कंट्रोलरची एकेक आज्ञा एकेका चॅनलवरून येते. या बीमना 16 आणि 20 चॅनलचे असे दोन मोड बहुतेक असतातच, आणि रीसेट, लॅम्प ऑन-ऑफ ही चॅनल साधारण शेवटाकडे असतात. समजा पहिली शार्पी 1 वर, दुसरी 17 वर, तिसरी 33 वर, असं 16 च्या हिशोबाने पॅच केलंय, म्हणजे प्रत्येकीला पहिल्या चॅनलचा नंबर दिलाय. पहिली मात्र चुकून 20 च्या मोडमध्ये राहिली. मग 17 ते 20 ही चॅनल पहिलीलाही लागू होतात आणि दुसरीलाही. दुसऱ्या शार्पीला दिलेली किंमत वर गेली की पहिलीला ती रीसेटची आज्ञा वाटते. म्हणजे हलवताय एक आणि रीसेट होतेय शेजारची. भाड्याने आणलेला माल आपल्या मालात मिसळला की हा गोंधळ हमखास होतो. प्रत्येकीचा मोड मेनूत जाऊन डोळ्यांनी बघा.

मोड बरोबर असेल तर डीएमएक्सची, म्हणजे कंट्रोलरच्या आज्ञा नेणारी, केबल बघा. शेवटच्या शार्पीच्या आउटमध्ये 2 आणि 3 नंबरच्या पिनमध्ये 120 ओहमचा रेझिस्टर लावलेला कनेक्टर हवा. आपल्याकडे तो कुणी लावत नाही, शिवाय माइकची केबल वापरायची सवय. लाइन छोटी असताना चालून जातं. ट्रस लांब झाली की सिग्नल टोकावरून उलटा परततो आणि हेड थरथरतं, मधेच भलत्या किमती वाचतं. 120 ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर अगदी किरकोळ पैशात मिळतो, चार-पाच बनवून टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा. एका लाइनवर 32 पेक्षा जास्त दिवे घालू नका, आणि लाइनला फाटा काढायचा तर वाय केबल नको, स्प्लिटर वापरा.

तिसरं कारण पॅन-टिल्टचा एन्कोडर. स्टेपर मोटरला स्वतःची जागा कळत नाही. ती किती फिरली ते बारीक फटींची चकती आणि तिच्या दोन बाजूंचा ऑप्टिकल सेन्सर सांगतो. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा रंगपंचमीला दिवे लावले असतील तर गुलाल तिथपर्यंत पोचतोच. त्यावर धूर मशीनचा तेलकट थर बसला की फटी बुजतात आणि शार्पी हरवल्यासारखी पुन्हा पुन्हा होम घेते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने चकती हलकेच पुसा. बेल्ट सैल असेल तर तोही ताणून घ्या, पण इतका नाही की हाताने हेड फिरवताना जड लागेल.

थंडीत होतं, तापल्यावर थांबतं

हे आपल्या भागाचं खास दुखणं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी उतरतो, गंगापूर रोडच्या नदीकडच्या लॉनवरही रात्री चांगलीच बोचरी थंडी असते. संध्याकाळी चालू केल्यावर शार्पी पहिल्या अर्ध्या तासात दोन-तीनदा रीसेट मारते, मग रात्रभर शहाणी. कालिदास कलामंदिरात बंद हॉलमध्ये तीच शार्पी काहीही कुरकुर करत नाही. असं असेल तर एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर सुकलेत असं खुशाल धरा.

कारण असं की या कॅपॅसिटरच्या आत ओला द्रव असतो. वर्षानुवर्षं उष्णतेत तो हळूहळू आटतो, मग कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढत जातो. थंडीत उरलेला द्रव आणखी मंद होतो आणि ईएसआर अजून चढतो. त्यातच चालू करताना सगळ्या मोटरी एकदम होम घेतात, 24 व्होल्टची लाइन क्षणभर खाली बसते आणि बोर्ड रीबूट होतो. तासाभराने बेस आतून तापला की कॅपॅसिटरही सुधारतात आणि दोष गायब. वर्कशॉपमध्ये दुपारच्या उन्हात तो दिसणार कसा?

उघडण्याआधी एक गोष्ट मनावर घ्या. 230 व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले की आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी असतात, बॅलास्टमध्ये त्याहून जास्त. प्लग काढला तरी ते बसून राहतात. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, मीटर लावून व्होल्टेज बघा, आणि उरलेलं असेल तर 10 किलोओहम 5 वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढू नका. आणि हेडचं कव्हर उघडं ठेवून दिवा पेटवायचा नाही, कधीच नाही. त्या दिव्यात प्रचंड दाब असतो, अतिनील किरण डोळे भाजतात, फुटला तर काच आणि पारा दोन्ही अंगावर येतात. मोटरी तपासताना मेनूमधून लॅम्प ऑफ करून ठेवा.

आता एसएमपीएस बाहेर काढा. 24 व्होल्टच्या आउटपुटजवळचे, 35 व्होल्ट लिहिलेले मोठे कॅपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं असेल तर प्रश्नच मिटला. पण सपाट दिसतोय म्हणून चांगला आहे असं समजू नका, सुकलेला कॅपॅसिटर बहुतेक वेळा फुगत नाही. ईएसआर मीटर असेल तर त्यावर लावा. नसेल तर दुसऱ्या धडधाकट शार्पीचा एसएमपीएस दोन कार्यक्रमांपुरता यात घालून बघा. साध्या मल्टिमीटरवर 24 बरोबर दिसले तरी भरवसा नको. क्षणभराची पडझड त्याला दिसतच नाही.

मोठ्यांइतकाच महत्त्वाचा एक छोटा कॅपॅसिटर असतो. प्रायमरी (230 व्होल्टच्या) बाजूला कंट्रोल आयसीच्या पायाशी, 22 किंवा 47 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचा. गरम हीटसिंकच्या कुशीत बसलेला असतो, म्हणून सगळ्यात आधी तोच सुकतो. एसएमपीएस टिक-टिक करून सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि थांबतो, किंवा थंडीत सुरूच होत नाही, तेव्हा आधी याच्याकडे जा. आणखी एक बारकाई: कॅपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात पिवळसर गोंद लावलेला असतो. वर्षांनी तो तापून तपकिरी, कडक होतो आणि त्यातून थोडी थोडी वीज झिरपायला लागते, खालची तांब्याची पट्टीही हिरवी पडते. तो गोंद लाकडी काडीने खरवडून पूर्ण काढा. नवे कॅपॅसिटर घालून जुना गोंद तसाच ठेवला तर काही महिन्यांत शार्पी पुन्हा दारात.

कॅपॅसिटर एकेक बदलत बसू नका, आउटपुटचे सगळे आणि तो छोटा एकदमच बदला. 105 अंशांचे, लो ईएसआर लिहिलेले, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि उंची बेसमध्ये मावेल अशी. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासॉनिक असे घ्या, पण या नावांची नक्कलही बाजारात भरपूर आहे, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचे तर ओळखीच्या दुकानातूनच. 105 अंशांवर 2000 तास चालणारा कॅपॅसिटर 85 अंशांवर साधारण 8000 तास चालतो, दर 10 अंशांना आयुष्य जवळपास दुप्पट होतं. बेसचा पंखा आणि जाळी साफ ठेवणं म्हणजे याच कॅपॅसिटरचं वय वाढवणं आहे. एसएमपीएसची पाटीच जळून काळी पडली असेल तर मात्र तिच्यावर मेहनत करू नका, तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा नवीन बसवा.

ठराविक कोनात होतं

हेड वर बघताना ठीक, प्रेक्षकांकडे झुकलं की रीसेट. किंवा पॅन एका टोकाला गेला की. इथे दोष बेस आणि हेडमधल्या वायरिंगचा. 24 व्होल्ट आणि डेटाच्या वायरी आर्ममधून जाऊन टिल्टच्या पोकळ बेअरिंगमधून हेडमध्ये शिरतात आणि प्रत्येक हालचालीला तिथेच पिळल्या जातात. जुन्या शार्पीत त्या जागी तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. जास्त करंट लागतो म्हणून 24 व्होल्टला दोन-तीन वायरी जोडीने दिलेल्या असतात. त्यातली एक तुटली तरी शार्पी चालते, फक्त उरलेल्या वायरींवर भार येतो. म्हणून हा दोष एकदम येत नाही, दोन-तीन महिने हळूहळू वाढत जातो, आणि तोवर मालकाचे दोन बोर्ड बदलून झालेले असतात.

आर्मचं कव्हर काढा, वायरिंगवरचा केबल टाय कापा. प्रत्येक वायर बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना बोटांच्या चिमटीत धरून हलकीच ओढा. धड वायर ताठ राहते. आतून तुटलेली वायर त्या जागी ताणली जाते, कारण तिथे नुसतं प्लॅस्टिक उरलेलं असतं, आणि बोटाला एक मऊ खाच लागते. बाहेरून बघाल तर तिच्यावर ओरखडाही नसतो. मग मीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकांना लावा आणि कुणाला तरी हेड सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. बीप तुटली ती वायर गेली. हे शार्पी बंद ठेवूनच करायचं.

तुटलेल्या जागी डाग देऊन टेप मारण्याचा उपाय टिकत नाही, डागाशेजारी वायर कडक होते आणि तिथेच पुन्हा तुटते. पूर्ण लांबीची नवी वायर ओढा, मधे जोड न देता. साधी पीव्हीसी वायर घेऊ नका. बारीक तारांची सिलिकॉन वायर हवी, ती वाकायला मऊ असते आणि हेडच्या उष्णतेत आखडत नाही. मिळाली नाही तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांना केबल पुरवणाऱ्या दुकानांत विचारा, मशीनच्या हलत्या भागांसाठी लागणारी लवचिक केबल त्यांच्याकडे असते. बसवताना टिल्टच्या दोन्ही टोकांना हेड नेऊन बघा, कुठेही वायर ताणली जायला नको आणि बेल्टला घासायलाही नको. केबल टाय बेअरिंगच्या अगदी तोंडाशी आवळू नका, दोन-तीन बोटं मागे बांधा. दिव्याकडे जाणाऱ्या वायरींना मात्र हात लावण्याआधी थांबा, पेटताना त्यातून हजारो व्होल्ट जातात. तिथे त्याच दर्जाची हाय व्होल्टेज वायर मिळाली तरच काम करा.

दोन-तीन एकदम करतात

मग शार्पी उघडूच नका, लाइन बघा. हिशोब साधा आहे. 230 वॅटचा बीम मोटरी-पंख्यांसकट साधारण 350 वॅट घेतो. आठ शार्पी म्हणजे 2800 वॅट, जवळजवळ 12 अँपिअर. जनरेटर लॉनच्या मागे 50 मीटरवर आणि मधे दीडची (दीड चौरस मिलिमीटरची) वायर. जाऊन-येऊन 100 मीटर तांब्याचा रोध सुमारे 1.3 ओहम, म्हणजे 16 व्होल्ट वायरीतच गेले. अडीचच्या वायरीत 10 व्होल्टच्या आत राहतात, चारच्या वायरीत 6. त्यात जनरेटरच 205 देत असेल आणि शेफचे तंदूर-ब्लोअर, मंडपाची झुंबरं त्याच फेजवर असतील तर ट्रसवर 190 सुद्धा उरत नाहीत. व्होल्टेज पडलं की एसएमपीएस तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतो, मग आणखी पडतं. मीटर जनरेटरपाशी लावून उपयोग नाही, ट्रसवरच्या शेवटच्या सॉकेटवर लावा, आणि सगळे दिवे पेटलेले असताना.

लूप मारलेल्या पॉवर केबलचे कनेक्टर हाताने चाचपा. गरम लागला किंवा पिन काळी पडली असेल तर तो कापून टाका. जनरेटरचा न्यूट्रल सैल असेल तर व्होल्टेज पडण्याऐवजी एखाद्या फेजवर भलतंच चढतं आणि रांगेने एसएमपीएस उडतात, म्हणून जोडणी करताना न्यूट्रलचा नट स्वतः पान्याने आवळून बघा.

तापल्यावर होतं

इथे आधी पंखे बघा. धुराचा थर, लॉनची माती आणि गवताचा भुसा मिळून जाळीवर जाड लेप चढतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, हवेने सुसाट फिरला की बेअरिंग खराब होतं. ऑइल टाकून पंखा जिवंत करू नका, बदलाच.

दुरुस्तीनंतर

लगेच कार्यक्रमाला पाठवू नका. ऑटो प्रोग्रामवर दोन-तीन तास चालवा, त्यात हेड टोकापासून टोकापर्यंत जाईल असं बघा. कॅपॅसिटर बदलले असतील तर शार्पी रात्रभर गच्चीवर शेडखाली ठेवून पहाटे थंडगार असतानाच चालू करा. हिवाळ्यात यापेक्षा खात्रीची परीक्षा नाही.

हिवाळ्यात लॉनवर दव पडतं. जेवणं चालू असताना दिवे लागत नाहीत म्हणून शार्पी पूर्ण बंद करू नका, दिवा बंद ठेवून पॉवर चालू ठेवा, आतली ऊब दव आत बसू देत नाही. पहाटे ओली शार्पी तशीच फ्लाइट केसमध्ये घालून झाकण लावलं की फोम ओल धरून ठेवतो आणि पिना गंजतात. गोडाउनला पोचल्यावर केस उघडून दिवसभर हवा लागू द्या. पावसाळ्यात माल पडून असतो तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा तासभर चालवा.

बेसच्या आत मार्करने लिहून ठेवा: कुठले कॅपॅसिटर कधी बदलले, वायरिंग कधी ओढली. पुढे कुणाच्याही हातात गेली तरी त्याला तेच काम पुन्हा करावं लागणार नाही. आणि ज्यांचे एसएमपीएस अजून जुनेच आहेत त्या शार्पी जनरेटरकडच्या टोकाला लावा, नवे कॅपॅसिटर घातलेल्या लांबच्या टोकाला. सगळ्या दुरुस्त होईपर्यंत सीझन त्यावर निघतो.